रद्दीच्या लॉटमधले गाव : बंद साखर कारखान्यांच्या अवसायकांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील बंद पडलेल्या साखर कारखान्यांचे अवसायक व प्रशासक, कर्जवसुलीसाठी लिलाव पुकारणाऱ्या बँकांचे अधिकारी, आणि हे कारखाने विकत घेणारे नवे मालक यांस

विषय : यंत्रसामग्रीच्या लिलावाआधी कारखान्याचे जुने दप्तर वेगळे काढून जतन करण्याबाबत.

महोदय,

गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांवर जे खासगी साखर कारखाने उभे राहिले, त्यांपैकी एकाच्या कॉलनीत माझा जन्म झाला. वडील तिथे पॅनमन, म्हणजे उसाचा शिरा आटवून साखरेचा दाणा धरवणारे कामगार, होते. कारखान्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते कोणा एकाला दोष देण्यासाठी नाही. ज्यांच्या सहीने ते घडले ते गृहस्थ सज्जन होते आणि त्यांनी मला बसायला खुर्ची व चहाही दिला होता.

काही वर्षांपूर्वी त्या कारखान्याची यंत्रे लिलावात निघाली. लिलावाची यादी मी पाहिली. बॉयलर, मिलचे रोलर, टर्बाइन, पॅन, सेंट्रिफ्यूगल, साखर गोदामाचे पत्रे, वजनकाटा, एकेका वस्तूला लॉट नंबर दिलेला होता आणि वर्णन इतके काटेकोर होते की रोलरचा व्यास आणि मोटारीची अश्वशक्तीसुद्धा लिहिलेली होती. यादीच्या शेवटी, ‘मोडके लाकडी फर्निचर’ आणि ‘रिकामे ड्रम’ यांच्या मध्ये एक ओळ होती : ‘जुने कागद, अंदाजे सहा टन’. एवढेच. टाइम ऑफिस, केन ऑफिस, स्टोअर, प्रयोगशाळा आणि कारखान्याची शाळा यांचे पाच-सहा दशकांचे दप्तर त्या पाच शब्दांत मावले होते. मी अर्ज घेऊन गेले तेव्हा मला सांगण्यात आले, “बाई, लॉट पुकारून झालाय.” किलोला बारा रुपये भाव आला होता. म्हणजे सगळे मिळून बहात्तर हजार रुपये.

गठ्ठे ट्रकमध्ये भरले जात असताना हमालांच्या कृपेने मला त्यांतले दोन काढून घेता आले. एक हंगामी कामगारांचे मस्टर, म्हणजे हजेरीची वही, आहे आणि दुसरे पॅन हाउसचे लॉग बुक. हे पत्र लिहिताना दोन्ही माझ्यासमोर टेबलावर आहेत.

साखर कारखान्याचा इतिहास लिहायचा झाला की आपल्याकडे तो ठरलेल्या वाटेने जातो. संस्थापकांचे छायाचित्र, गव्हाणीत पहिली मोळी टाकणारे पाहुणे, बॉयलरचे अग्निप्रदीपन, दर हंगामाचे गाळप आणि उतारा, विस्तारीकरण, आणि शेवटी डिस्टिलरी. रौप्यमहोत्सवी स्मरणिकांमध्ये हे सगळे असते आणि ते खोटेही नसते. पण त्या स्मरणिकांत मला माझे वडील कधी सापडले नाहीत, चुन्याच्या टाकीवर उभे राहून ज्यांचे हात फुटत ते सापडले नाहीत, आणि गंधकाच्या भट्टीपाशी तोंडाला ओले फडके बांधून काम करणारेही नाहीत. ते ज्या एका ठिकाणी नावानिशी नोंदलेले होते, ती वही तुम्ही किलोवर विकता.

आधी पाणी आले, मग ऊस. दारणेचे पाणी नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीच्या कालव्यांत खेळू लागले. भंडारदऱ्याच्या धरणाचे काम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पूर्ण झाले आणि प्रवरेचे कालवे भरून वाहू लागले. अवर्षणाच्या टापूला आधार म्हणून काढलेल्या या कालव्यांचा खर्च भरून निघायचा, तर बारमाही पाणी उचलणारे आणि त्याची पट्टी भरणारे पीक हवे होते. १९१९ साली स्थापन झालेल्या बेलापूर कंपनीने आजच्या श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला कारखाना उभारला, तो दख्खनच्या कालव्यांवरील आधुनिक कारखान्यांच्या पहिल्या पिढीतला. कंपनीला सलग जमीन लागत होती. ती आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांकडून दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतली गेली, आणि अशी जमीन देणाऱ्यांसाठी ‘खंडकरी’ हा शब्द नगर जिल्ह्याच्या बोलीत कायमचा रुजला. १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला, परदेशी साखरेला अटकाव झाला, आणि मग दहा वर्षांच्या आतबाहेर टिळकनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी, चांगदेवनगर अशी रांगच लागली. नाशिककडे रावळगाव, इंदापुरात वालचंदनगर, फलटणजवळ साखरवाडी, माळशिरस तालुक्यात माळीनगर आणि श्रीपूर हे त्याच काळातले. यांतले काही कारखाने आजही गाळप करतात, काहींची नुसती चिमणी उरली आहे. गावांची नावे मात्र सगळीकडे तशीच आहेत. कारखान्याने गावाला दिलेले नाव पोस्टाच्या शिक्क्यावर आणि एसटीच्या पाटीवर कारखान्यानंतरही राहते, ही या पट्ट्यातली एक गंमतच आहे. श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनावर तर आजही ‘बेलापूर’ असेच लिहिलेले आहे.

हरेगावचे उदाहरण थोडे लांबवते, कारण कारखान्याच्या गावात साखरेव्यतिरिक्त किती गोष्टी घडतात हे त्यावरून कळते. तिथल्या संत तेरेजा चर्चमध्ये दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते आणि तिला जिल्ह्याबाहेरूनही माणसे लोटतात. त्याच हरेगावात डिसेंबर १९३९ मध्ये वतनाच्या प्रश्नावर महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे बोलले. त्यांचे भाषण आपल्याला वाचायला मिळते. पण त्या दिवशी कारखान्यातून आणि कंपनीच्या मळ्यांवरून किती माणसे खाडा करून तिथे गेली असतील, दुसऱ्या दिवशी त्यांचा पगार कापला गेला का, कोणत्या खात्यात त्या दिवशी माणूसच उरला नाही, हे कळण्याचे साधन एकच असते, आणि ते म्हणजे त्या महिन्याचे मस्टर. असा एखादा गठ्ठा कोठे शिल्लक असेल तर त्याची किंमत बारा रुपये किलो नाही, एवढे तुम्हीही मान्य कराल.

आता माझ्यापुढच्या मस्टरकडे येते. कापडी बांधणीचे, दोन हात लांबीचे, एका कडेने उंदरांनी कुरतडलेले. डावीकडे तिकीट नंबर, मग नाव, मग खाते. पुढे एकतीस चौकोन आणि अगदी उजवीकडे शेरा. चार ते बारा, बारा ते आठ आणि आठ ते चार या तीन पाळ्यांसाठी टाइमकीपरने तीन वेगळ्या खुणा वापरलेल्या आहेत. महिनाअखेरीस पगाराच्या चौकोनात जांभळ्या शाईचे अंगठे आहेत, आणि मधूनच एखादी सही, प्रत्येक महिन्यात थोडी थोडी सरळ होत गेलेली. कॉलनीत चालणाऱ्या प्रौढांच्या रात्रशाळेची एवढी भरवशाची नोंद दुसरी नसावी. शेऱ्याच्या रकान्यात मोजके शब्द आहेत. ‘हंगाम संपला, कमी केले.’ ‘पट्ट्यात हात.’ ‘मयत, मुलगा लावला.’ ज्या दिवशी ‘पट्ट्यात हात’ असा शेरा आहे, त्या दिवशी त्या पाळीतल्या इतर सर्वांची हजेरी पूर्ण लागलेली आहे. गाळप थांबले नव्हते, असा त्याचा अर्थ होतो.

लॉग बुकात वडिलांचे अक्षर आहे. पॅन नंबर तीन, बी टाकले एक चाळीस, पॅन सोडला पाच पंधरा, आणि खाली एक ओळ, ‘वाफ कमी, दाणा बारीक’. निर्वात पॅनमध्ये शिरा आटत असतो तेव्हा दाणा केव्हा धरेल हे त्या काळी घड्याळ सांगत नसे. पॅनमन नळीतून थोडा नमुना काढून काचेच्या पट्टीवर पसरायचा, दिव्यासमोर धरायचा आणि बोटाने पाहायचा. दाणे एकसारखे आहेत का, मध्येच खोटा बारीक दाणा तर उठला नाही ना, हे डोळा आणि बोट मिळून ठरवायचे. त्यात चूक झाली की सेंट्रिफ्यूगलवर साखर सुटत नसे आणि खालच्या माणसांच्या शिव्या वरपर्यंत ऐकू येत. वडील घरी आले की त्यांच्या शर्टाला मळीचा जो वास यायचा तो आईला कधी आवडला नाही, मला मात्र फार आवडायचा. सांगायचे ते असे, की त्यांना लिहिता येत होते ते जेमतेम एवढेच, आणि आयुष्यभरात त्यांनी लिहिलेले जे काही आहे ते सगळे या लॉग बुकांत आहे.

एवढ्या भावनेवर तुम्ही लिलावाची अट बदलावी अशी माझी अपेक्षा नाही. कागदांचा व्यवहाराशी असलेला संबंध तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे, तरी तीन गोष्टी नोंदवते.

पहिली जमिनीची. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खासगी कारखान्यांच्या ताब्यातली शेते शासनाकडे गेली आणि ती कसण्यासाठी १९६३ साली महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. कारखाना कंपनीकडे राहिला आणि त्याचा मळा महामंडळाकडे गेला. काल कंपनीच्या हजेरीवर असलेला माणूस त्याच वाफ्यात, त्याच पाटाच्या कडेला, आज महामंडळाच्या हजेरीवर दिसू लागला. खंडकऱ्यांनी आपल्या जमिनी परत मागितल्या आणि त्या मिळण्याची प्रक्रिया कायद्यात दुरुस्ती होऊन सुरू व्हायला २०१२ साल उजाडले. मधल्या पन्नास वर्षांत दोन पिढ्या गेल्या. आजोबांनी कंपनीला कोणता सर्व्हे नंबर किती मुदतीने दिला होता, हे सांगणारे करारनामे ज्यांच्या घरी होते ते निदान बोलू तरी शकले. ज्यांचे कागद कंपनीच्या दप्तरातच होते त्यांची काय धावपळ झाली असेल, ते तुम्ही ओळखू शकता. महामंडळाच्या चाळींत राहणारी कामगार कुटुंबे घरापुरती दोन गुंठे जागा मागत आली आहेत. त्यांनाही आपण येथे केव्हापासून राबलो हे कागदानेच सिद्ध करावे लागते.

दुसरी गोष्ट निवृत्तिवेतनाची. नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत पेन्शन मिळण्यासाठी दहा वर्षांची सेवा लागते, आणि हंगामी कामगाराने वर्षात जेवढे दिवस प्रत्यक्ष काम केले असेल ते वर्षापेक्षा कमी असले, तरी ते पूर्ण वर्ष धरले जाते. साखर कारखान्यात हंगामी माणूस निम्म्याहून अधिक असतो. पाच-सहा महिने गाळप, मग घरी बसून थोडाबहुत रिटेन्शन अलाउन्स, आणि दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा बोलावणे, असे त्याचे आयुष्य. त्याच्या नावावर दहा हंगाम आहेत की नऊ, यावर म्हातारपणचा सगळा आधार लटकलेला असतो, आणि तो दहावा हंगाम अनेकदा मस्टरच्या एका पानावरच असतो. आमच्या चाळीत असे दोघे होते. त्यांतल्या एकाचे पान मिळाले.

तिसरी गोष्ट जातीच्या दाखल्याची. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा मागितला जातो. बाहेरून येऊन कारखान्याच्या चाळीत वसलेल्या कुटुंबांकडे ना गावात जमीन होती, ना सातबाऱ्यावर नाव. त्यांचा पुरावा म्हणजे कारखान्याच्या शाळेचे जनरल रजिस्टर किंवा वडिलांचे सेवापुस्तक. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभर जुनी दप्तरे झटकली गेली आणि कपाटामागे पडलेल्या वहीची किंमत काय असते हे एकदाचे सर्वांना कळले. कारखान्यांच्या गोदामांतही अशाच वह्या आहेत.

या कागदांत सगळे काही आहे, असा माझा दावा नाही. सर्वांत मोठी अनुपस्थिती ऊसतोड मजुरांची आहे. बीड, पाथर्डी, जामखेड या बाजूंनी दर हंगामात टोळ्या येत, कारखान्याच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहत, पहाटेच्या अंधारात फडात कोयते चालत. पण केन ऑफिसच्या रजिस्टरात नाव असायचे ते मुकादमाचे, पुढे उचल किती आणि कोयते किती एवढा आकडा. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. म्हणजे बाईचे नाव तर नाहीच, स्वतंत्र आकडाही नाही. तरीही ती उचलीची रजिस्टरे राखायला हवीत, कारण कोणत्या गावाहून किती जोड्या आल्या आणि हंगामाअखेर कोणाच्या अंगावर किती बाकी राहिली, हे कळण्यासाठी त्या आकड्यांवाचून दुसरे काही उरलेले नाही.

तुमच्या बाजूच्या अडचणी मी ऐकल्या आहेत. जागा नाही, वाळवी आहे, गोदामाचा ताबा अमुक तारखेला द्यायचा आहे. या अडचणी खऱ्या आहेत. आणखी एक अडचण कोणी उघड बोलत नाही, म्हणून मीच बोलते. जुने मस्टर बाहेर आले की थकीत देण्यांचे नवे दावे उभे राहतील, अशी धास्ती काहींना वाटते. त्यांतले काही दावे उभे राहतीलही, कारण काही देणी खरोखरच थकलेली आहेत. दाव्यांची मुदत, प्राधान्यक्रम, छाननी या सगळ्यासाठी अवसायनाच्या कायद्यात रीतसर तरतूद आहे. पुरावा रद्दीत पाठवणे ही त्या तरतुदीची पद्धत नव्हे. शासकीय दप्तराला निदान सार्वजनिक अभिलेखांच्या कायद्याचे छत्र आहे. खासगी कंपनी विसर्जित झाली की पाच वर्षांनी तिचे दप्तर सांभाळण्याची जबाबदारी कोणावरही राहत नाही. त्यामुळे त्या पाच वर्षांच्या आत जे वाचेल तेवढेच वाचणार आहे, आणि ते पूर्णपणे तुमच्या मर्जीवर आहे.

माझी मागणी लहान आहे. लिलावाच्या निविदेत एक अट घाला, की जुने दप्तर हा विक्रीचा लॉट असणार नाही. ते वेगळे काढून त्याची साधी यादी करावी आणि ती कारखान्याच्या गेटवर व ग्रामपंचायतीत एक महिना लावावी. सहा टन कागद कोणी जन्मभर सांभाळावा असे मी म्हणत नाही. स्टोअरची व्हाउचरे, गेटपास, डिझेलच्या पावत्या खुशाल जाऊ द्या. मस्टर आणि सेवापुस्तके, भविष्यनिर्वाह निधीची विवरणे, खंडाचे करारनामे व जमिनीचे नकाशे, शाळेची रजिस्टरे, दवाखान्याची आणि अपघातांची नोंदवही, उचलीची रजिस्टरे आणि प्रयोगशाळा व पॅन हाउसची लॉग बुके एवढे ठेवा. आमच्या कारखान्यापुरता माझा अंदाज असा, की ते अर्ध्या टनाच्या वर गेले नसते. बारा रुपयांनी सहा हजारांचा तोटा.

ठेवायचे कोठे, हाही प्रश्न मोठा नाही. राज्याचे पुराभिलेख संचालनालय आहे, जिल्ह्याची वस्तुसंग्रहालये आहेत, पुण्याजवळ मांजरीला १९७५ पासून उभी असलेली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, आणि कारखान्यांच्याच देणग्यांवर वाढलेली कितीतरी महाविद्यालये आहेत. नव्या मालकांना माझी वेगळी विनंती आहे. तुम्ही त्या जागेवर इथेनॉलचा प्रकल्प काढा, गोदाम बांधा, प्लॉट पाडा. भोंगा मात्र भंगारात देऊ नका. त्याच्यावर चाळीस वर्षे दोन-तीन गावांची घड्याळे लावली गेली आहेत आणि त्याचे वजन अगदीच थोडे असते.

आमच्या टाइम ऑफिसमधले निवृत्त टाइमकीपर आता ऐंशी पार आहेत. मस्टरमधली कोणती खूण कोणत्या पाळीची, कोणते अक्षर कोणाचे, आणि एकाच नावाच्या चार माणसांपैकी तिकीट नंबर ४१७ म्हणजे कोणता, हे अजून सांगू शकणारे तेवढेच एक उरले आहेत. कोणत्याही कारखान्याचे दप्तर चाळायचे असेल तर येऊन बसण्याची त्यांची तयारी आहे. त्यांना ऐकू कमी येते, म्हणून प्रश्न कागदावर लिहून द्यावे लागतील, आणि खिडकीजवळची खुर्ची लागेल. सकाळी आठ ते चार या पाळीत ते येतील, असे त्यांनी मला सांगितले आहे.

आपली नम्र,
एका पॅनमनची मुलगी
(निवृत्त शिक्षिका)